चौथा शब्द

श्रद्धा माणसाला उभं ठेवते. हे वाक्य मी इतक्या पुलपीटांवरून ऐकलं आहे की एव्हाना ते खरं व्हायला हरकत नव्हती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या माणसांत, मात्र श्रद्धा माणसाला मुख्यत्वे बसवून ठेवायची. गुड फ्रायडेला, दुपारी बारा ते तीन, वर तापलेले पत्रे आणि खाली पाठ नसलेली बाकं. त्यात लोडशेडिंग. ज्यांनी ते तीन तास काढले त्यांना पुढे नरकाची भीती घालणं पाळकसाहेबांना जरा अवघडच जायचं.

यंदा द्वारकेच्या चौकात द्राक्षांच्या हातगाड्या लागल्या आणि मला ती बाकं आठवली. नाशकात बाकीच्यांना द्राक्षं दिसली की भाव आठवतो. आम्हा मूठभर ख्रिस्ती लोकांना गुड फ्रायडेआधीचे उपवासाचे चाळीस दिवस आठवतात, कारण दोन्ही एकदमच येतात. आग्रा रोडवर क्रेटांनी भरलेले टेम्पो, सांडलेल्या मण्यांवर माश्या, दहावीच्या परीक्षेला निघालेली पोरं, कडुनिंबाचा बारीक पांढरा मोहर, आणि आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वेदीवर चढलेलं जांभळं कापड. आमच्या घरात त्या दिवसांत एक उकळता, आंबूस गोड वास भरून असायचा. प्रभुभोजनाचा द्राक्षरस करायचं काम आईकडे होतं. मोठ्या पातेल्यात द्राक्षं शिजवायची, पंच्यातून गाळायची, साखर घालून पुन्हा आटवायची. रस फार गोड होतो, अशी कमिटीची तक्रार होती. आई म्हणायची, "बाकीचं कडू करायला तुम्ही आहात की."

गुड फ्रायडेच्या उपासनेत सात प्रवचनं असतात. प्रभू येशू वधस्तंभावरून सात वाक्यं बोलला, त्यांना आमच्याकडे सात शब्द म्हणतात, आणि एकेका शब्दावर एकेकाने बोलायचं असतं. पाळकसाहेब एकटेच सातही शब्द बोलू शकले असते, पण मग मंडळीतल्या प्रतिष्ठितांनी वर्षभर कशाची वाट बघायची? म्हणून शब्द वाटून दिले जायचे. वाटणारे आमच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी रणपिसे. नाटकातल्या भूमिका वाटाव्यात तसे ते शब्द वाटायचे आणि त्यांना त्यात गंमत दिसायची नाही. क्षमेचा पहिला शब्द अशा एका गृहस्थांकडे होता, जे सख्ख्या भावाशी बोलत नसत. तहानेचा पाचवा शब्द पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांकडे. सहावा, म्हणजे सगळं पुरं झाल्याचा, नेहमी अशा माणसाला मिळायचा ज्याचं बोलणं कधी पुरं व्हायचं नाही. राहता राहिला चौथा: देवा, मला का सोडलंस, हा. तो कोणाच्या मालकीचा, ह्यावर मंडळीत कधी दुमत झालं नाही. तो उबाळेमामींचा.

मामींना तो कसा मिळाला ते सांगतो.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. नाताळात देवळाच्या मनोऱ्यावर तारा लावायची पद्धत आहे. बांबूच्या कामट्या, पतंगाचा कागद, आत बल्ब. त्या वर्षी नाशिकरोडकडच्या एका मंडळीने आमच्याहून उंच तारा लावल्याची बातमी आली आणि आमच्या कमिटीची झोप उडाली. बेथलेहेमच्या ताऱ्याला स्पर्धा नव्हती, हे कोणाच्या लक्षात आलं नाही. मामींचे यजमान, सगळे त्यांना उबाळेमामा म्हणायचे, अंबडच्या एका कारखान्यात फिटर होते. भजनाला ढोलकी वाजवायचे. त्यांनी हौसेने लोखंडी पट्ट्यांचा तारा बनवला. चांगला दणकट. तो घेऊन मामाच मनोऱ्यावर चढले, आणि कमिटीतले चौघं खाली दोर धरून उभे राहिले. मग चहा आला.

तारा शाबूत राहिला. पुढे कित्येक वर्षं तोच लावत.

मामा वाचले, म्हणजे मेले नाहीत. उजवी बाजू गेली, कमरेखालचं सगळं गेलं, आणि वाचा गेली. वाचेतून एकच शब्द कसा कोण जाणे मागे राहिला. तो शब्द होता 'हलकट'. पाणी हवं असलं तरी हलकट, मामी दिसल्या तरी हलकट, ऊन तोंडावर आलं तरी हलकट. आवाजाच्या चढउतारावरून अर्थ मामींना बरोबर कळायचा. पाहुण्यांना मात्र प्रत्येक वेळी तो स्वतःलाच म्हटल्यासारखा वाटायचा, आणि बहुतेकांच्या बाबतीत त्यात फार चूक नसायची. पाळकसाहेब प्रार्थनेला गेले. लांबलचक प्रार्थना झाली, सगळे "आमेन" म्हणाले, आणि पलंगावरून मामा म्हणाले, "हलकट." मग रणपिसे म्हणाले, "सैतानाला म्हणतायत." त्यावर सगळ्यांनी मान डोलावली.

मंडळीने मामांना काहीच दिलं नाही असं नाही. काचेच्या फ्रेममधलं एक वचन दिलं, जाड सोनेरी अक्षरांत, शेवटपर्यंत टिकणाऱ्यांविषयीचं. ते त्यांच्या उशामागच्या भिंतीवर ठोकलं, म्हणजे भेटायला येणाऱ्यांना ते समोर दिसावं. मामांना ते दिसत नव्हतं. आणि मामींना दिला चौथा शब्द.

मामी मूळच्या सटाण्याकडच्या. चौथीपर्यंत शिकलेल्या, अंगाने काटकुळ्या, शिवणकाम करायच्या. मूलबाळ नव्हतं. पहिल्या वर्षी त्या पुलपीटावर चढल्या. पाच मिनिटं बोलल्या. नवरा कसा पडला, त्या कशा रडल्या, देवाला काय काय विचारलं, आणि देव काहीच कसा बोलला नाही. शेवटी म्हणाल्या, "तरी मी त्याला सोडलं नाय." देवळात हुंदके फुटले. दुसऱ्या वर्षी लोक रुमाल घेऊन आले. तिसऱ्या वर्षापासून मालेगावहून, देवळालीकडून माणसं यायला लागली. ती बाराला नाही यायची, साधारण सव्वाला, चौथ्या शब्दाच्या सुमाराला यायची, आणि पाचवा सुरू झाला की बाहेर उसाच्या गुऱ्हाळाकडे जायची. कोणीतरी कॅसेट काढली. उपासना सुटल्यावर चिंचेखाली उभं राहून लोक लिंबूसरबत पीत तुलना करायचे.

"यंदा तेवढं रंगलं नाही."

"गेल्या साली मामांना न्यूमोनिया होता ना. त्याने फरक पडतो."

सहनशीलतेचं असं आहे की ती सहन करणाऱ्यापेक्षा बघणाऱ्याला जास्त आवडते. सोसणारा माणूस समाजाला लागतो, जसा गावाला पार लागतो. त्याच्या सावलीत बसून इतरांना आपलं बरं चाललं आहे, असं वाटतं. पण तो सोसणारा जागचा हलता कामा नये. बरा झाला तर पंचाईत, कुरकुरला तर त्याहून पंचाईत. मी हे मोठ्या शहाणपणाने आईला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुला हे कॉलेजात शिकवायला पगार देतात?"

मी तेव्हा मालेगावच्या एका कॉलेजात शिकवायचो. तिथेच खोली करून राहायचो आणि शनिवारी संध्याकाळच्या एसटीने घरी यायचो. बसमध्ये सुताच्या गठ्ठ्यांचा वास, बाहेर चांदवडचा घाट. घर मिशन कंपाउंडात, उबाळ्यांच्या ओळीतच.

मामांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागे, नाहीतर पाठीला जखमा होत. वळवायला दोन माणसं हवीत. आधी मामींचा धाकटा भाऊ त्यांच्याकडेच राहायचा, त्यामुळे निभत होतं. मग भावाचं लग्न झालं आणि तो नोकरीला वापीला गेला. शेजारच्या बायका येऊन बघायच्या, हळहळायच्या, पण परक्या पुरुषाला काखेत हात घालून उचलायचं म्हटलं की पदर सावरायच्या. पुरुष कामावर. मामी एकट्या ओढाताण करायच्या. मामांच्या कंबरेवर जखम झाली, ती खोल होत गेली.

दोन हजारच्या आगेमागे, उपवासाचे दिवस सुरू झाले त्या आठवड्यात, मामी रणपिशांकडे गेल्या. मागणं साधं होतं: मंडळीतल्या पुरुषांनी पाळी लावून घ्यावी, रोज कोणीतरी एकाने येऊन हात लावावा.

"एकच माणूस पायजे, भाऊ. दुसरी मी हाये."

रणपिसे गहिवरले. म्हणाले, "मामी, एक माणूस काय मागता? अख्खी मंडळी उभी करतो."

आणि त्यांनी खरोखर केली. चाळीस दिवसांची साखळी प्रार्थना ठेवली. विषय: बंधू उबाळे ह्यांची कूस. देवळाच्या मागच्या खोलीत दिवसरात्र कोणी ना कोणी अर्धा अर्धा तास प्रार्थना करायची, एकाने उठायचं तेव्हा दुसऱ्याने बसायचं, खंड पडू द्यायचा नाही. देवळाच्या दाराशी रंगीत स्केचपेनने तक्ता लावला. दोन दिवसांत भरला. सोयीच्या वेळांवरून भांडणंसुद्धा झाली. संध्याकाळची सहा ते साडेसहा ही वेळ दोघांनी धरली होती, आणि ते दोघं अजून एकमेकांना सलाम करत नाहीत. त्या खोलीची खिडकी मामींच्या दारासमोर होती. मधे एक पायवाट आणि तुळतुळीत अंगाचं शेवग्याचं झाड. म्हणजे प्रार्थना करणाऱ्याने डोळे उघडले असते तर त्याला मामा दिसले असते.

एका संध्याकाळी मामींनी खिडकीशी जाऊन हाक मारली. आत रणपिसे गुडघ्यांवर होते.

"भाऊ, जरा येता का? एकटीला वळत नाय."

रणपिशांनी एक डोळा उघडला. "मामी, माझी पंधरा मिनिटं राहिलीत. मी उठलो तर साखळी तुटते."

मामी पायरीवर बसून राहिल्या. पंधरा मिनिटांनी दुसरे गृहस्थ आले आणि गुडघे टेकून बसले. रणपिसे बाहेर पडले. त्यांचा उपवास सोडायची वेळ झाली होती. ते म्हणाले, "तुमच्यासाठीच चाललंय सगळं," आणि घरी गेले. हे मामींनी आईला सांगितलं तेव्हा त्या हसत होत्या. मला त्या हसण्याचा अर्थ लागला नाही. मी अश्रद्ध माणूस, मला वाटलं आता ह्या बाईचा विश्वास उडाला. रविवारी त्या नेहमीच्या बाकावर, नेहमीच्या पांढऱ्या साडीत हजर होत्या.

मग गुड फ्रायडे आला. सुट्टीमुळे मी घरी होतो. आई आणि मी बाजूच्या दाराशी बसलो होतो, कारण तिथे थोडा वारा यायचा. देऊळ भरलेलं, बाहेर कंपाउंडात मांडव, झाडाला बॅटरीवरचा लाउडस्पीकर. पहिले तीन शब्द आपापल्या वेळेपेक्षा लांबले. तिसरा येशूच्या आईविषयीचा, तर तिसऱ्यावाल्यांनी आपल्या आईच्या बालपणापासून सुरुवात केली. शेवटी रणपिशांनी चौथा शब्द पुकारला आणि सगळीकडे रुमाल निघाले.

मामी वर गेल्या. माइक त्यांच्या उंचीला खाली करावा लागायचा, तो कोणीतरी केला. मामी म्हणाल्या, "दरसाल मी ह्या शब्दावर बोलते. औंदा बोलणार नाय. तिकडं ह्यांना वळवायची वेळ होऊन गेली. मला एक माणूस पायजे. हितं लय माणसं हायेत. कोण येतं?"

आणि उभ्या राहिल्या.

पंखे बंद होते. कोणाच्या तरी हातातला कागदाचा पंखा हलायचा थांबला. मागच्या बाकावरची एक बाई रडायला लागली, तिला वाटलं सुरुवात झाली. पुरुषांच्या बाजूला सगळ्यांना एकदम आपापल्या भजनाच्या पुस्तकात काहीतरी सापडलं. पाळकसाहेब रणपिशांकडे बघत होते, रणपिसे घड्याळाकडे. मामी एकेका बाकाकडे बघत होत्या, रागाने नाही, बाजारात भाजी बघावी तसं.

मग पाळकसाहेब पुढे झाले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "आपण सर्व जण ह्या भगिनीसाठी उभे राहू आणि डोळे मिटून प्रार्थना करू."

सगळे उभे राहिले. एवढी माणसं एकदम उभी राहिल्याचा आवाज मोठा भारदस्त येतो. डोळे मिटले. मामी पुलपीटावरून उतरल्या, आमच्या बाकाशेजारून दाराबाहेर पडल्या. आईने डोळे मिटले नव्हते. तिने मला कोपराने ढोसलं. "जा."

खोलीत जखमेचा वास होता, डेटॉलच्या वर तरंगणारा. मामींनी सांगितलं तसा मी मामांच्या काखेत हात घातला. अंग तापलेलं, हाडं हाताला लागत होती. जखमेकडे बघू नका असं कोणी म्हणालं नव्हतं, म्हणून मी बघितलं. तिच्याविषयी मी लिहिणार नाही. बाहेर लाउडस्पीकरवर प्रार्थना चालूच होती. हे प्रभू, ह्या तुझ्या दासाला तुझ्या सामर्थ्यवान बाहूंनी उचल, असं पाळकसाहेब म्हणत होते, आणि आम्ही दोघं उचलत होतो. मामींनी पाठीमागे उशी लावली, पाय वाकवून दिले, चादरीची सुरकुती काढली. तेवढ्यात बाहेर शेकडो आवाजांत आमेन झालं.

मामा म्हणाले, "हलकट."

मामी पलंगाच्या कडेला बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. इतक्या की मामांच्या चेहऱ्याची चालती बाजूही हलली. बाहेर तहानेचा पाचवा शब्द सुरू झाला.

संध्याकाळी चिंचेखाली एकमत झालं की इतक्या वर्षांत असा चौथा शब्द झाला नव्हता. थोडक्यात आणि काळजाला भिडणारा. एक जण म्हणाले, "ते निघून जाणं. ते तर फारच." आई घरी येताना म्हणाली, "प्रार्थनेला डोळे मिटायचं ज्याने काढलं, त्याला माणसं कळत होती."

सोमवारी मी मालेगावला गेलो. कूस फक्त शनिवारी-रविवारी बदलून भागतं, असं काही नसतं. जखमेतून ताप अंगात भिनला आणि पावसाळा संपायच्या आत मामा गेले. दफनाला अख्खी मंडळी लोटली. पेटीला दोन्ही बाजूंनी कड्या होत्या, पण हात लावायला इतके पुरुष पुढे आले की दारात ढकलाढकली झाली. एकाचा पाय नालीत गेला. कबरस्तानापर्यंत दर दहा पावलांना खांदा बदलत होते. मामी मागून चालत होत्या. आईच्या कानाशी म्हणाल्या, "बघा. एवढी सगळी गावातच होती."

पुढच्या वर्षी द्राक्षं आली तेव्हा रणपिसे मामींकडे गेले. मी तिथेच बसलो होतो. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं. "मामी, गेल्या सालचं तेच पुन्हा म्हणता आलं असतं. लोक विचारतात. पण मामा सुटले. आता चौथा तुम्हाला शोभत नाही. तर मी म्हटलं, सहावा घ्या. सगळं पुरं झाल्याचा."

मामी शिवणयंत्रात दोरा ओवत होत्या. "मी बाकावर बसते, भाऊ. लय वर्सं उभी राहिले."

त्या बसल्या. त्या वर्षी आणि नंतर दर वर्षी, बारा ते तीन, उठून पाणी प्यायलाही न जाता. मला हे सहन होईना. मी एकदा विचारलंच, "मामी, अजून येता कशाला ह्या लोकांत?"

"ह्यांच्यात कुठं येते? त्याच्याकडं येते." मग म्हणाल्या, "तुझं माझं काय ते दोघांत, असं म्या त्याला सांगून टाकलंय. ह्या लोकांना मधी घेऊ नको म्हटलं."

"मग घरी करा की प्रार्थना."

"घरी तो एवढी वर्सं आलाच नाय. हितला तरी पत्ता म्हाईत हाये."

मी पुष्कळ वाचलेलं आहे. श्रद्धेच्या बाजूचं आणि विरुद्ध बाजूचं. ह्या उत्तराला मला कुठल्याही कपाटात जागा सापडली नाही. हिला भाबडी म्हणावं तर ती मंडळीतल्या एकेकाची किंमत पैशा-पैशाने जाणून होती. आणि शहाणी म्हणावं तर दर रविवारी तिथे येऊन बसत होती. देवाने तिला काय दिलं, ह्याचा हिशेब मांडला तर उत्तर शून्याच्या खाली जातं. तो हिशेब मी मांडायचो. ती मांडत नव्हती, आणि माझ्यासाठी तिला वेळही नव्हता.

आता ती बाकं नाहीत. पाठीची बाकं आली, पत्र्याखाली पीओपीचं छत आलं, तारा एलईडीचा आहे. पाळकसाहेब बदलले. आई गेली, द्राक्षरस बाटलीतला येतो आणि गोड नसतो. मी नोकरीतून मोकळा होऊन कंपाउंडात परतलो. आणि दोन वर्षांपूर्वी रणपिसे पडले, बाथरूममध्ये. एक बाजू गेली. वाचा मात्र संपूर्ण शाबूत राहिली. मंडळीने त्याला चमत्कार म्हटलं. रणपिसेबाईंचं मत निराळं असावं. मुलगे पुण्याला आणि दुबईला. त्या वर्षीचा चौथा शब्द रणपिसेबाईंकडे गेला, आणि कोणी विचारायच्या आधी साखळी प्रार्थनेचा तक्ताही लागला.

पहिल्या संध्याकाळी मामी बोलावल्याशिवाय आल्या. चपला दाराशी काढल्या. रणपिसे म्हणाले, "या मामी. आधी थोडी प्रार्थना करू."

"आधी कूस," मामी म्हणाल्या.

तेव्हापासून त्या रोज येतात. मीही जातो. रणपिसे अंगाने जड; बाई, मामी आणि मी असे तिघं त्यांना वळवत असताना ते सूचना देतात, उशी कशी हवी, हात कुठे धरायचा. एकदा म्हणाले, "मामी, तुम्हाला हे देवाचं वरदान आहे." मामींनी चादर ओढून नीट केली.

नव्या पाळकसाहेबांच्या कानावर सगळी हकिगत गेली. ते तरुण आहेत, त्यांचे डोळे लगेच भरतात. ह्या द्राक्षांच्या दिवसांत ते मामींच्या घरी आले. क्षमेचा पहिला शब्द मामींनीच बोलावा, दुसऱ्या कोणाला तो अधिकारच नाही, असं त्यांचं म्हणणं.

मामींनी त्यांना चहा दिला. म्हणाल्या, "मी कोणाला क्षमा-बिमा केलेली नाय, साहेब. रणपिसेबाईला एकटीला ते हलत नाय, म्हणून जाते."

"हीच तर नम्रता," पाळकसाहेब म्हणाले, आणि त्यांनी खिशातून रुमाल काढला.

मामी जे म्हणतात, त्यात नम्रता वगैरे काही नाही. उबाळेमामांना वळवायला दोन माणसं लागायची. रणपिशांना तीन लागतात.